पाचशे सहा ओळी

संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक बावीस आकडे होते आणि बावीसही आपापल्या चौकटीच्या डाव्या भिंतीला टेकून उभे होते. दशांशचिन्हापुढे प्रत्येकाला दोन अंक, ना कमी ना जास्त. सगळ्यांच्या खाली, उजव्या भिंतीला टेकून, एकटं शून्य उभं होतं. ते शून्य म्हणजे या बावीस आकड्यांची बेरीज होती.

संजना गांगुर्डेनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. शून्य हललं नव्हतं. तिनं कॅल्क्युलेटर काढून तेच बावीस आकडे मिळवले. उत्तर आलं १९७.३४. पुन्हा मिळवले, या वेळी खालून वर. पुन्हा १९७.३४. मग तिनं संगणकाला बेरीज सोडून सरासरी विचारली. त्यानं इंग्रजीत कळवलं की शून्यानं भागाकार होत नाही. शून्यानं भागू नये हे संजनाला सातवीपासून माहीत होतं. बीएस्सी होऊन कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढलेल्या बाईला हे एका यंत्रानं सांगावं, आणि तेही हिरव्या कोपऱ्यातून, याचा तिला राग आला. पण राग कोणावर काढायचा हे यंत्राच्या बाबतीत कळत नाही.

हे आकडे एका विहिरीचे होते, मोठ्या यादीतून बाजूला काढलेले. संजनाचं माहेर नांदगाव तालुक्यातलं. अकरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबर महिन्यात ती माहेरी गेली असताना वडिलांनी, म्हणजे कारभारींनी, सहज विचारलं होतं, "तू एवढी शिकलीस, मग सांग बरं, हिरीचं पाणी दरवर्षी खाली चाल्लं का आपल्यालाच तसं वाटतं?" कॉलेजात तिला कोणी कधी एवढा चांगला प्रश्न विचारला नव्हता. तिनं मोजपट्टीच्या टोकाला लोखंडी बोल्ट बांधला आणि आसपासच्या तेवीस विहिरींत सोडून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. तेव्हापासून वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, ती तेवीस विहिरी मोजत आली. अकरा वर्षं, बावीस फेऱ्या, पाचशे सहा नोंदी, अकरा वह्या. यासाठी तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अनुदान दिलं नव्हतं आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत कोणी विचारलंही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी विचारलं ते विभागप्रमुख डॉ. धनराज देवरे सरांनी. सर विभागातल्या प्राध्यापिकांना मॅडम म्हणत आणि संजनाला ताई म्हणत. ताई हा शब्द तसा प्रेमाचा आहे, पण तो कोणाला म्हटला जातो आणि कोणाला म्हटला जात नाही हे पाहिलं की त्यातलं प्रेम मोजता येतं. "ताई, त्या वह्या द्या की माझ्याकडं," सर म्हणाले होते. "आमचा संतोष आहे पीएचडीवाला, तो करून टाकेल ॲनालिसिस. पेपरमध्ये तुमचे आभार मानू. अगदी नावानिशी."

"बघते, सर," संजना म्हणाली होती.

संजनाच्या "बघते"चा अर्थ "नाही" असा होता, पण तो फक्त तिलाच माहीत होता. त्यामुळे सर दर दोन-तीन महिन्यांनी विचारत आणि ती दर वेळी बघत असे.

यंदा मात्र पुण्याच्या एका संस्थेनं भूजलावर परिषद ठेवली होती आणि तिच्या पत्रकात एक वाक्य होतं: कोणीही नागरिक आपली निरीक्षणं सादर करू शकेल. कोणीही नागरिक! संजनानं ते वाक्य तीनदा वाचलं. अट एकच होती. नोंदींची फाइल आणि तिचं विश्लेषण, दोन्ही एक्सेलमध्ये, सादरकर्त्यानं स्वतः केलेलं, तीस नोव्हेंबरच्या आत. वर सादरकर्त्याचं नाव लिहायला एक लांब रेघ होती.

एक्सेल म्हणजे आखलेलं रजिस्टर, असा संजनाचा समज होता, आणि रजिस्टर ठेवायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. जूनपासून तेरा रविवार बसून, रविवारी चाळीस ओळी या हिशेबानं, तिनं पाचशे सहा ओळी भरल्या. विभागातली सगळी रजिस्टरं मराठीत असतात म्हणून मराठीत भरल्या. प्रत्येक ओळ वहीशी दोनदा ताडून पाहिली. आणि सप्टेंबरातल्या त्या रविवारी सकाळी पहिली बेरीज मागितली, तर शून्य.

"कॅल्क्युलेटरवर आलंय ना उत्तर?" तिचे मिस्टर रवी आतून म्हणाले. ते रेल्वेत हेडक्लार्क होते. "मग तेच खाली टाईप कर. आमच्या ऑफिसात सगळे तसंच करतात."

"अहो, मग संगणक कशाला?"

"छान दिसतं."

त्या दिवशी संजनानं एक कोरी वही काढली, तिच्यावर "एक्सेल शिकण्याची साधने" असं लिहिलं आणि पाच रकाने आखले: अनुक्रमांक, साधन, कोणी सुचवलं, किती वेळ गेला, निष्कर्ष. ही यादी संगणकात ठेवणं जास्त बरोबर झालं असतं, हे तिलाही समजत होतं.

पहिलं साधन शेजारच्या लताबाई पगारे. जेल रोडच्या त्यांच्या कॉलनीत कुठल्याही विषयातलं पहिलं साधन लताबाईच असत. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतर शाळा बंद झाली असली तरी शिकवणं बंद झालं नव्हतं.

"एक्सेल?" त्या दारातूनच म्हणाल्या. "अहो संजनाताई, काही नसतं त्यात! माझ्या भाच्यानं लग्नाच्या पंगती बसवल्या त्याच्यावर. बाराशे पान."

"मला बेरीज हवी आहे, बाई."

"बेरीज तर बालवाडीतली झाली. तुम्ही चार्ट करा. गोल, पोळीसारखा. प्रत्येक विहिरीला एक रंगीत तुकडा. परीक्षक रंगांवर जातात, मी बत्तीस वर्षं विज्ञान प्रदर्शनं पाहिली आहेत."

"तेवीस रंग होतील."

"मग काही विहिरी गाळा."

संध्याकाळपर्यंत लताबाईंनी तिला मोबाइलवर एकेचाळीस दुवे पाठवले. "एक्सेल शिका सात दिवसांत." "एक्सेल शिका सात तासांत." "ही पाच सूत्रं बॉस तुमच्यापासून लपवतो." संजनानं ते एकेचाळीसही उघडले, कारण एकेचाळीस नोंदींपैकी काही न पाहता उरलेल्यांवर निष्कर्ष काढणं तिला जमत नसे. नऊ बंद पडलेले निघाले. अकरा शेवटी एकाच वर्गाच्या जाहिरातीला जाऊन मिळाले. एका ठिकाणी पाचशे सूत्रांची यादी होती, त्यात तीनशे बारावं सूत्र रोमन आकडे करण्याचं होतं. एकेचाळिसावा दुवा उपवासाच्या थालीपिठाचा होता, तो बहुधा चुकून आला होता. वहीतला निष्कर्ष: "नाही. (थालीपीठ बरं झालं.)"

मग पुस्तक. मेन रोडवरच्या दुकानात विक्रेत्यानं बराच वेळ शिडीवर घालवून एक मराठी पुस्तक काढून दिलं. लेखक मराठीचे कडवे अभिमानी असावेत. त्यांनी पडद्यावरच्या प्रत्येक बटणाचं भाषांतर केलं होतं आणि मूळ इंग्रजी नाव एकाही ठिकाणी दिलं नव्हतं. "प्रथम माहिती या पट्टीतील प्रमाणीकरण निवडावे. नंतर स्तंभ गोठवावा." संजनाच्या पडद्यावर काहीच गोठत नव्हतं. तिनं एक रविवार आणि दोन संध्याकाळी घालवून पुस्तकातली एकोणीस बटणं पडद्यावर ओळखून काढली. प्राचीन लिपी वाचणाऱ्यांना याच कामाचा मान मिळतो. "विलीन करा" म्हणजे कुठलं बटण हे तिनं प्रयोग करून शोधलं, तेव्हा तीन विहिरींची मिळून एक विहीर झाली आणि दोघींचे आकडे गेले. ते परत भरावे लागले. निष्कर्ष: "नाही. लेखकाला पत्र लिहावे." पत्र तिनं लिहिलं, पण पुस्तकात पत्ता नव्हता.

"मम्मी, फाइल पाठव ना मला," पुण्याहून तेजल म्हणाली. तेजल म्हणजे तिची मुलगी, आणि डेटा ॲनालिसिस हेच तिच्या नोकरीचं नाव होतं. "मी दहा मिनिटांत करून पाठवते."

"मला करून नको आहे, तेजू. मला शिकव."

"अगं, उत्तराशी मतलब ना तुला?"

"सादरकर्त्यानं स्वतः केलेलं, असं लिहिलंय पत्रकात."

"कोण बघतंय!"

"मी बघतेय."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. मग तेजलनं फोनवर शिकवायला घेतलं. "राइट क्लिक कर. केलं? काय दिसतंय? नाही, तिथं नाही, सेलवर. मम्मी, सेल म्हणजे चौकट. अगं, तू आता कुठं गेलीस?" संजना कुठंच गेली नव्हती, पडदा गेला होता. बाराव्या मिनिटाला तेजल म्हणाली, "मम्मी, प्लीज, मला मीटिंग आहे," आणि ज्या मुलीला संजनानं पाढे शिकवताना एकदाही आवाज चढवला नव्हता तिनं फोन ठेवला. निष्कर्षाच्या रकान्यात संजनानं लिहिलं: "वेळ अपुरा."

त्यानंतर आला सरकारमान्य संगणक वर्ग. संध्याकाळी सहा ते सात. बाकीचे विद्यार्थी सहावी-सातवीतले. शिकवणाऱ्या सायली मॅडम स्वभावानं अतिशय चांगल्या, पण त्यांना अभ्यासक्रम ठरवून दिलेला होता. पहिला आठवडा संगणकाचा इतिहास. दुसरा आठवडा संगणकाचे अवयव.

"मॅडम, मला फक्त बेरीज—" संजना म्हणाली.

"काकू, स्प्रेडशीट तिसऱ्या महिन्यात. आधी माउसवर हात बसायला हवा." आणि त्यांनी तिला चित्र काढायला बसवलं. घर, डोंगर, मधून सूर्य. संजनाचा सूर्य गोल येईना. शेजारी बसलेली दोन वेण्यांची मुलगी वाकून पाहून म्हणाली, "काकू, शिफ्ट दाबून काढा, मग गोल येतं." हे मात्र खरं निघालं, आणि तीन आठवड्यांच्या शोधात तिला मिळालेली ही पहिली बिनचूक माहिती होती. संजनानं ती वहीत वेगळी नोंदवली. दुसऱ्या आठवड्याच्या चाचणीत तिला वीसपैकी सोळा मिळाले. डोंगराला खिडक्या काढल्याचे चार गुण गेले होते. तिच्या मते ती डोंगरातली लेणी होती, पण गुणांसाठी वाद घालायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती नेहमीसारखी नांदगावला जाऊन तेवीस विहिरी मोजून आली; त्या नोंदी बाराव्या वहीत गेल्या, फाइल पाचशे सहावरच राहिली. कुसाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांच्या विहिरीच्या काठावर बसून तिनं पाणी पिता पिता सगळी कहाणी सांगितली. कुसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी चार महिने तू त्या डब्याला आमच्या हिरी सांगून ऱ्हायलीस, आन त्यो म्हनतो काहीच नाय?"

"तसंच काहीसं."

"मंग त्येच्यापरीस माजी सून बरी. ती निदान आयकून तरी घेती."

परत आल्यावर देवरे सरांनी जिन्यात गाठलं. "ताई, परिषदेचं काय ठरवलंत? संतोष रिकामाच आहे हो."

"बघते, सर," संजना म्हणाली. या वेळी तिचा आवाज तिलाच पटला नाही.

व्हिडिओंकडे ती सगळ्यात शेवटी वळली. हिंदी शिकवणारे गृहस्थ भराभर बोलत आणि बोलण्यापेक्षा भराभर माउस फिरवत. अठरा मिनिटांपैकी पहिली सहा ते घंटीचं बटण दाबायला सांगण्यात घालवत. इंग्रजी शिकवणारा गोरा तरुण इतका आनंदी होता की त्याच्या आकड्यांविषयीच शंका यावी. असे तीसेक शिक्षक झाल्यावर, एका दुपारी, मागून आपोआप सुरू झालेल्या व्हिडिओत एक वयस्क तेलुगू मास्तर आले. पांढरा सदरा, कपाळावर आठी, मागे भिंतीवर कॅलेंडर. संजनाला तेलुगूतला एकही शब्द कळत नव्हता. पण मास्तर एक गोष्ट करत, थांबत, माउस बाजूला ठेवत आणि विद्यार्थ्याला पाहू देत. विद्यार्थ्याला पाहू द्यावं हे बाकीच्या तिसांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

मास्तरांनी पाच आकडे लिहिले आणि थांबले. त्या थांबण्यात संजनाला दिसलं की मास्तरांचे आकडे उजव्या भिंतीला टेकलेले आहेत.

तिनं आपल्या फाइलकडे पाहिलं. तिचे डावीकडे. तिनं एका मोकळ्या चौकटीत "विहीर" लिहिलं. डावीकडे. एका चौकटीत इंग्रजी 5 लिहिला. उजवीकडे! मग मराठी ५ लिहिला. डावीकडे. म्हणजे अक्षरं डावीकडे टेकतात, आकडे उजवीकडे, आणि तिच्या मराठी आकड्यांना हा संगणक आकडे मानतच नव्हता. त्याच्या दृष्टीनं तिनं पाचशे सहा ओळी अक्षरंच लिहिली होती. कवितेची बेरीज मागितल्यावर त्यानं शून्य सांगितलं, यात त्याचं तरी काय चुकलं?

संजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तिनं स्वतः शोधलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलून, प्रयोगशाळेत शिकवतात तसं. पुस्तकातलं "शोधा व बदला" तिनं आधीच ओळखून काढलेलं होतं. तिनं मराठी शून्याच्या जागी इंग्रजी शून्य, एकाच्या जागी एक, असं दहा वेळा सबंध फाइलभर केलं. दहाव्या वेळी सगळे आकडे एका रांगेत उजव्या भिंतीला गेले, कवायतीतल्या मुलांसारखे. बेरीज मागितली. 197.34.

"अहो!" ती ओरडली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण रवींनी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. ते हातात पोळी घेऊन धावत आले. लताबाईही भिंतीपलीकडून आल्या.

"झाली बेरीज? बघा, मी म्हटलं नव्हतं, काही नसतं त्यात," लताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी संजनानं शिरा केला. शिरा खाऊन झाल्यावर तिनं मे महिन्याची सरासरी आणि ऑक्टोबरची सरासरी वेगवेगळी काढली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या बऱ्याचशा विहिरी उन्हाळ्यात काठोकाठ असतात आणि पावसाळा झाला की आटतात.

असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. असं नांदगाव तालुक्यात कधीच कुठं झालं नसावं. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिनं पुन्हा पाहिलं. अंक बदलल्याबरोबर तारखांच्या रकान्यातलेही अंक बदलले होते, आणि ते बदलताच संगणकानं त्या तारखा आहेत असं ओळखलं होतं, पण अमेरिकेतल्या पद्धतीनं, आधी महिना मग दिवस. पाच ऑक्टोबरची त्यानं दहा मे केली होती आणि दहा मेची पाच ऑक्टोबर. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदींचे दिवस आणि महिने उलटले होते. तेरापासून पुढच्या तारखा त्याला समजल्याच नव्हत्या म्हणून त्या तशाच राहिल्या होत्या. संजनाला त्याच्या अज्ञानाचा इतका आधार कधी वाटला नव्हता.

आता उलटलेल्या नोंदी शोधून सुलट करायच्या. तेलुगू मास्तरांनी क्रमानं लावण्याचाही धडा दिला होता. संजनानं विचार केला, विहिरींची नावं अकारविल्हे लावली तर एकेका विहिरीच्या बावीस ओळी एकत्र येतील आणि वहीशी ताडून पाहता येतील. मुदतीला आठ दिवस उरले होते. तिनं नावांचा रकाना निवडला आणि क्रमाचं बटण दाबलं. संगणकानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, निवड वाढवायची की आहे तेवढीच ठेवायची असं. दोन पर्याय होते. मास्तरांच्या व्हिडिओत हा प्रश्न आला होता, पण त्यांनी त्यावर काय सांगितलं ते तेलुगूत होतं. संजनानं दुसरा पर्याय निवडला. आणि मग, प्रयोगशाळेत गॅस बंद करावा तितक्या सवयीनं, फाइल सेव्ह करून बंद केली आणि भाजी चिरायला गेली.

परत येऊन फाइल उघडली तर नावं सुरेख क्रमानं लागली होती. फक्त नावंच. तारखा आणि अंतरं जिथल्या तिथं उभी होती. पाचशे सहा नावं आपापल्या ओळी सोडून दुसऱ्याच्या ओळींत जाऊन बसली होती. नेहमी तळाशी पाणी असणाऱ्या कुसाबाईंच्या विहिरीला काठापासून एका मीटरवर पाणी लागलं होतं. देवळामागची बारमाही विहीर कोरडी ठणठणीत झाली होती. कारभारींच्या विहिरीची तर बावीस अंतरं बावीस वेगवेगळ्या विहिरींतून गोळा झाली होती.

"अहो, माझ्या जुन्या प्रती होत्या ना?" तिनं शांतपणे विचारलं. "विहिरी, विहिरी नवीन, विहिरी शेवटची, विहिरी शेवटची खरी."

रवी पेपरातून वर आले. "त्या? मी मागच्या रविवारी काढून टाकल्या. सगळीकडं विहिरीच विहिरी झाल्या होत्या. एक ठेवली."

"आणि कचरापेटीतून?"

"तीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही, तुला माहीत आहे."

संजनाला माहीत होतं. याच गुणासाठी तिनं त्यांना पसंत केलं होतं. रवींना तिचा चेहरा पाहून सगळं कळलं आणि ते पेपर घडी घालून तसाच हातात धरून बसले.

वह्या होत्या. पण विहिरींचा क्रम प्रत्येक फेरीत वेगळा होता; वह्यांतून पाचशे सहा ओळी पुन्हा ताडून भरायच्या म्हणजे तेरा रविवार, आणि शिल्लक होता एक. सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होत्या, रजा मिळणार नव्हती. तेजल फोनवर म्हणाली, "मम्मी, सॉर्ट झाल्यावर सेव्ह केलंस तर कोणीच काही करू शकत नाही गं," आणि तिचा आवाज या वेळी इतका मऊ होता की संजनाला तो पहिल्यापेक्षा जास्त लागला. लताबाईंनी सुचवलं की पुढच्या वर्षी गोल चार्ट करावा.

त्या संध्याकाळी संजनानं साधनांची वही मिटली. साठ साधनं. निष्कर्षाच्या रकान्यात साठपैकी त्रेपन्न ठिकाणी "नाही" होतं. शास्त्राच्या माणसानं एवढा पुरावा मानायला हवा. बावन्नाव्या वर्षी आपल्याला हे येत नाही, हा निकाल होता, आणि आता त्या अकरा वह्या घरात ठेवल्या तर त्या फक्त वह्याच राहणार होत्या. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत होतं, पण ते बाहेर काढणारा हात तिचा नव्हता. दुसऱ्याच्या नावानं का होईना, उत्तर निघावं.

सकाळी तिनं अकरा वह्या कापडी पिशवीत भरल्या आणि कॉलेजात गेल्या गेल्या देवरे सरांच्या केबिनमध्ये नेऊन टेबलावर ठेवल्या.

सर उभे राहिले. "या या, बसा, गांगुर्डे मॅडम!" ते म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा. संजना बसली. तिच्यासाठी चहा मागवला गेला, तोही कपबशीत.

"वा! अक्षर काय आहे! छापल्यासारखं," सर पहिली वही उलटत म्हणाले. "संतोष दोन दिवसांत टायपिंग करून घेईल, त्याची माणसं आहेत. परिषदेला मीच जाईन, तुम्हाला कुठं पुण्याला दगदग. आभाराच्या पानावर तुमचं नाव पहिलं."

"चालेल, सर."

"फक्त हे काय?" त्यांनी पाचव्या वहीत बोट ठेवलं. "हा खंडेराव कोण? त्याच्या विहिरीपुढं आकडाच नाही. 'कोरडी' लिहिलंय. पुढच्या वहीतल्या मेमध्येही कोरडी. तिसऱ्याही."

"पाणी नव्हतं, सर. तीन उन्हाळे."

"ते ठीक आहे हो, पण आलेख तुटतो ना तिथं. दिसायला वाईट दिसतं." सरांनी चहाचा घोट घेतला. "काही नाही, अलीकडचं एक वर्ष आणि पलीकडचं एक वर्ष घेऊ आणि मधे सरासरी भरून टाकू. साडेअकरा मीटर वगैरे. सरळ रेघ येईल. सगळे करतात असं, संगणकात सोय असते त्याची."

संजनानं त्या पानाकडे पाहिलं. तो मे तिला आठवत होता. पट्टी सोडत सोडत सोळा मीटरपर्यंत गेली आणि खाली बोल्ट दगडावर वाजला. खंडेराव काठावर हाताची घडी घालून उभे होते. तिला वाटलं होतं, काहीतरी धीराचं बोलावं, पण तेच म्हणाले होते, "वाजली ना, ताई? मंग ल्ह्या कोरडी. इचार काय करायचा त्यात." मग त्यांनी तिला बांधापर्यंत सोडलं होतं आणि पुढच्या विहिरीची वाट दाखवली होती.

"सर, तिथं साडेअकरा मीटरवर पाणी नव्हतं," ती म्हणाली.

"अहो, मला कळतंय—"

"तिथं पाणीच नव्हतं. आकडा राहून गेला म्हणून मी शब्द लिहिलेला नाही. तीच नोंद आहे."

"मॅडम, तुम्ही फार बारकाव्यात जाताय. पाचशे नोंदींत तीन! कोणाला कळणार आहे?"

संजनानं सरांच्या हाताखालून पाचवी वही काढून घेतली. मिटली आणि पिशवीत ठेवली. मग पहिली. मग उरलेल्या, एकेक, अंक पाहून, क्रमानं. सर कप हवेत धरून बघत राहिले. अकरावी वही पिशवीत गेली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"हे काय? मुदतीला सात दिवस आहेत. तुम्हाला येणार आहे का ते एक्सेल सात दिवसांत?"

"नाही, सर."

"मग परिषद गेली. पुढचं वर्ष, तेही तुम्हाला आलं तर."

"हो. गेली."

"मग निदान मला स्पष्ट सांगा तरी," सर आता चिडले होते. "तीन वर्षं नुसतं बघते, बघते. या वह्या तुम्ही मला देणार आहात की नाही?"

बाहेर प्रात्यक्षिकाची दुसरी तुकडी आत घेतल्याची घंटा झाली. संजना उठली, पिशवी खांद्याला लावली. जिभेवर नेहमीचा शब्द आला होता, तो तिनं गिळला.

"नाही, सर," ती म्हणाली. "देणार नाही."